कोंबडीच्या पिलांस ऊब आणि उजेड

खेड्यांत वाढलेल्या कोणत्याही मुलानें एक देखावा पुष्कळदां पाहिलेला असतो. परड्यांत दहाबारा पिलें दाणे टिपीत हिंडत असतात. इतक्यांत आभाळ भरून येतें, गार वाऱ्याची झुळूक सुटते, आणि कोंबडीनें घशांतून एक विशिष्ट आवाज काढतांच सारीं पिलें धांवत येऊन तिच्या पंखांखालीं दडतात. क्षणापूर्वीं जेथें बारा पिलें होतीं, तेथें आतां अंग फुलवून बसलेली एक कोंबडी तेवढी दिसते. थोड्या वेळानें एखादें पिलूं पिसांतून डोकें बाहेर काढतें, चार पावलें पुढें येऊन दोन दाणे टिपतें आणि पुन्हा आंत शिरतें. गोष्ट नित्याची असल्यामुळें तिच्याकडे आपलें लक्ष जात नाहीं. परंतु तिजमध्यें विचार करण्यासारखें पुष्कळ आहे. कोंबडी आपल्या पिलांस दूध पाजीत नाहीं, चिमणीप्रमाणें चोंचींत चारा भरवीत नाहीं. पिलूं पहिल्याच दिवशीं आपल्या पायांनीं चालतें व आपल्या चोंचीनें खातें. मग कोंबडी त्यास देते तरी काय? ती दाणे दाखविते व घारीपासून राखते, हें खरें. पण सर्वांत मोठी देणगी म्हणजे ती ऊब देते. आणि ती अशा रीतीनें देते कीं, पिलास हवी तेव्हां ती घेतां यावी व नको तेव्हां सोडतां यावी. या लेखांत जें सांगावयाचें आहे, त्याचें सार या एका वाक्यांत आलें आहे.

हा विषय मला सुचला तो एका दुःखद प्रसंगावरून. कांहीं वर्षांपूर्वीं करवीर तालुक्यांतील एका खेड्यांत आमच्या ओळखीच्या एका बाईंनीं बचत गटाकडून कर्ज काढून एक दिवसाचीं शंभर पिलें आणलीं. दिवस आषाढाचे होते. घरांतील एक लहान खोली त्यांनीं झाडून सारवून घेतली, मधोमध विजेचे दिवे टांगले, दिव्यांखालीं उष्णतामापक ठेवला, आणि तो पाहिजे तितके अंश दाखवीत आहे अशी खात्री करून घेऊन त्या निजावयास गेल्या. सकाळीं दार उघडून पाहतात तों खोलीच्या एका कोपऱ्यांत पिलांचा ढीग पडलेला! वरचीं पिलें जिवंत होतीं. खालचीं बावीस पिलें चेंगरून मेलीं होतीं. बाई पुनःपुन्हा एकच वाक्य बोलत होत्या : "दिवे तर रातभर जळत होते." तें वाक्य खरें होतें. दिवे जळत होते आणि उष्णतामापकही खोटा नव्हता. मग पिलें मेलीं कां? त्या वेळीं याचें उत्तर आम्हांपैकीं कोणासही देतां आलें नाहीं. पुढें जाणत्या माणसांस विचारून व स्वतः पाहून जें कळलें, तें येथें क्रमानें मांडतों.

हीं पिलें आईवांचून जगावयास आलीं तरी कशीं, तें आधीं पाहूं. अंड्यांतून पिलूं निघण्यास २१ दिवस लागतात. तेवढे दिवस अंड्यास सुमारें १०० अंश फॅरनहाइट ऊब सारखी मिळाली पाहिजे. मात्र ती कोंबडीनेंच दिली पाहिजे असा निसर्गाचा हट्ट नाहीं. ईजिप्त देशांत फार प्राचीन काळापासून मातीच्या मोठ्या भट्ट्यांत हजारों अंडीं एकदम उबवीत असत. तेथील कारागिरांजवळ उष्णतामापक नव्हता. अंडें हातांत घेऊन तें पापणीस लावावयाचें आणि त्यावरून ऊब जोखावयाची, अशी त्यांची रीत होती. फ्रान्समधील शास्त्रज्ञ रेओम्यूर यानें १७४९ सालीं या विषयावर एक मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. कुजणाऱ्या शेणखताच्या उष्णतेवर त्यानें अंडीं उबवून पाहिलीं, आणि निघालेल्या पिलांसाठीं आंतून मेंढीचें लोकरी कातडें लावलेली एक पेटी केली. या पेटीस तो कृत्रिम आई असें म्हणे. पुढें अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतांतील पेटालुमा या गांवीं लायमन बाइस यानें १८७९ सालीं उबवणीचें यंत्र तयार केलें, आणि तें गांव अंड्यांच्या व्यापारासाठीं जगप्रसिद्ध झालें.

या व्यापारास निसर्गाच्या एका योजनेची मोठी मदत झाली. अंड्यांतून बाहेर पडण्यापूर्वीं पिलूं उरलेला पिवळा बलक आपल्या पोटांत ओढून घेतें. ही त्याची शिदोरी होय. तिजवर तें दोन-तीन दिवस अन्नपाण्यावांचून तग धरूं शकतें. कोंबडीखालचीं सारीं अंडीं एकाच घटकेस फुटत नाहींत. पहिल्या पिलास शेवटच्या भावंडाची वाट पाहत बसावें लागतें, म्हणून निसर्गानें ही सोय केली. माणसानें तिचा उपयोग निराळाच केला. एक दिवसाचीं पिलें भोंकें पाडलेल्या पेट्यांत घालून त्यानें तीं दूरदेशीं धाडण्यास आरंभ केला. अमेरिकेचें टपालखातें १९१८ सालापासून अशा पेट्या नेऊं लागलें.

आपल्या देशांत अधिक अंडीं देणाऱ्या विलायती जातींचा प्रसार करण्याच्या कामीं ख्रिस्ती मिशनऱ्यांनीं पुष्कळ श्रम घेतले. उत्तर हिंदुस्थानांतील एटा येथील मिशनचें कुक्कुटपालन त्या काळीं नांवाजलेलें होतें. पुढें १९७१ सालीं डॉ. बी. व्ही. राव यांनीं स्थापन केलेल्या व्यंकटेश्वर हॅचरीज या पुण्याच्या संस्थेमुळें हा धंदा महाराष्ट्रांत फार मोठा झाला. पुण्याजवळील खडकीप्रमाणें आपल्या कोल्हापुरांतही शासनाचें मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्र आहे. यंत्रांतून निघालेलें पिलूं आज आपल्या जिल्ह्यांतील वाडीवस्तीपर्यंत पोंचतें. पूर्वीं घरचीच एखादी कोंबडी खुडूक झाली म्हणजे तिच्याखालीं दहाबारा अंडीं ठेवीत. आतां जास्त अंडीं देणाऱ्या ज्या जाती निवडीनें तयार केल्या आहेत, त्यांतील कोंबड्या सहसा खुडूक होतच नाहींत. कारण खुडूक झालेली कोंबडी अंडीं देणें थांबविते, म्हणून तो गुणच त्यांच्या वंशांतून काढून टाकला आहे. अशा प्रकारें आईपण माणसानें कोंबडीकडून काढून घेतलें. तें काढून घेतल्यावर त्याची जबाबदारी माणसाकडेच आली, हें उघड आहे.

आतां पिलाचें शरीर कसें असतें तें पाहूं. नुकतेंच निघालेलें पिलूं ३५ ते ४० ग्रॅम वजनाचें असतें. त्याच्या अंगावर नुसती लव असते. ऊब धरून ठेवणारीं खरीं पिसें अद्याप फुटावयाचीं असतात. शिवाय लहान वस्तु मोठ्या वस्तूपेक्षां लवकर निवते. हंड्यांतील पाण्याच्या मानानें पेल्यांतील पाणी किती लवकर गार होतें, हें घरोघरीं दिसतें. पिलाच्या इवल्याशा देहाचीही तीच गत आहे. मोठ्या कोंबडीच्या अंगांत १०६ ते १०७ अंश उष्णता असते. पिलाच्या अंगांत पहिल्या दिवशीं ती सुमारें १०३ अंश असते, आणि ती स्वतःच्या बळावर राखण्याची शक्ति त्याला दहाबारा दिवसांनीं येऊं लागते. तोंपर्यंत बाहेरून ऊब न मिळाल्यास तें गारठतें. गारठलेलें पिलूं खात नाहीं, पीत नाहीं. पोटांतील बलकही नीट जिरत नाहीं. त्यास हगवण लागते. पुष्कळ वेळां तें त्याच रात्रीं न मरतां चारपांच दिवसांनीं मरतें, आणि मालक म्हणतो कीं रोग आला. वस्तुतः तो रोग पहिल्या रात्रीच्या थंडींत पेरलेला असतो.

येथें कोणी म्हणेल, "आमच्या कोल्हापुरांत थंडी ती कितीशी?" ही मोठी फसवी समजूत आहे. पिलाच्या थंडीचें माप आपल्या थंडीच्या मापाहून निराळें असतें. पहिल्या आठवड्यांत त्यास सुमारें ९५ अंश फॅरनहाइट, म्हणजे ३५ अंश सेल्सिअस, ऊब लागते. आषाढ-श्रावणांत आपल्याकडे हवेंतील उष्णता ७०-७५ अंशांच्या आसपास असते. आपणांस ती सुखाची वाटते. पिलास मात्र ती वीस अंशांनीं कमी पडते. शिवाय झड असते, ओल असते, आणि पन्हाळा-गगनबावड्याच्या बाजूस तर आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाहीं. पौष-माघांत पहाटे उष्णता ६० अंशांपर्यंत उतरते. याच्या उलट वैशाखाच्या दुपारीं बाहेरची हवाच ९५ अंशांवर जाते. त्या वेळीं दिवा लावून ठेवणें म्हणजे पिलांस भाजून काढणें होय. म्हणून "दिवा किती वेळ लावावा?" या प्रश्नाचें एक उत्तर नाहीं. महिना, प्रहर आणि जागा पाहून उत्तर द्यावें लागतें.

पिलांस ऊब देण्याच्या साधनास ब्रूडर म्हणतात. तें साधें असावें. शंभर पिलांसाठीं पत्र्याची एक पसरट छत्री घेऊन तिच्याखालीं साठ वॅटचे जुन्या पद्धतीचे तीन दिवे बसवावे. पिलामागें उन्हाळ्यांत एक व थंडीपावसांत दोन वॅट असा साधारण हिशेब धरतात. एकच मोठा दिवा लावण्यापेक्षां दोनतीन लहान दिवे बरे. कारण एक विझला तरी बाकीचे जळत राहतात. छत्री जमिनीपासून सुमारें दीड फूट उंचीवर साखळीनें टांगावी, म्हणजे ती वरखालीं करितां येते. ती नुसत्या विजेच्या तारेवर कधींही लोंबकळत ठेवूं नये. तार तुटून तापलेला दिवा तुसांत पडला, तर पिलांसह घरही पेट घेईल.

छत्रीभोंवतीं दीड फूट उंचीचें पत्र्याचें किंवा पुठ्ठ्याचें गोल कडें उभें करावें. शंभर पिलांसाठीं आरंभीं सहा फूट व्यासाचें कडें पुरतें. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून तें थोडें थोडें वाढवीत जावें. हें कडें गोलच कां, याचें कारण महत्त्वाचें आहे. पिलूं भ्यालें किंवा गारठलें म्हणजे तें दुसऱ्या पिलाच्या अंगाखालीं घुसूं पाहतें. जागेला कोपरा असला कीं सारीं पिलें त्या कोपऱ्यांत लोटतात आणि खालचीं गुदमरून मरतात. वर्तुळास कोपराच नसतो. वर सांगितलेल्या बाईंच्या खोलींत कडें नव्हतें. दाराखालच्या फटींतून पावसाळी वारा येत होता. वाऱ्याचा झोत जमिनीलगत, म्हणजे पिलांच्या अंगावरून, वाहत होता. उष्णतामापक मात्र दिव्यांच्या बरोबर खालीं होता. पिलें झोत चुकवून पलीकडच्या कोपऱ्यांत गेलीं, तेथें दिव्यांची ऊब पोंचत नव्हती, म्हणून तीं एकमेकांच्या अंगावर चढलीं. दिवे रात्रभर जळत होते. पण पिलें रात्रभर दिव्यांपासून दूर होतीं.

जमिनीवर दोन इंच जाडीची भाताच्या तुसाची गादी घालावी. आपल्या भागांत उसाचीं चिपाडें मुबलक असल्यामुळें कांहीं लोक त्यांचा भुगा वापरतात. तो अगदीं कोरडा असेल तर चालेल. परंतु ओलसर भुग्यास बुरशी येते, आणि त्या बुरशीचे कण श्वासावाटे फुप्फुसांत जाऊन पिलें धापा टाकीत मरतात. गादी ओली राहिली तर पुढें रक्ती हगवणीसही वाव मिळतो. पहिले दोनतीन दिवस तुसावर वर्तमानपत्राचे कागद पसरून त्यांवर मक्याचा भरडा टाकावा, म्हणजे पिलें तूस खात नाहींत. पिलें येण्यापूर्वीं एक दिवस आधींच दिवे लावून ठेवणें अवश्य आहे. हवा लवकर तापते, जमीन उशिरां तापते. आणि पिलूं तर जमिनीवर अनवाणी उभें असतें. आल्याबरोबर त्यास पाणी द्यावें. प्रवासानें शिणलेल्या पिलांस पहिल्या कांहीं तासांपुरतें गुळाचें कोमट पाणी देण्याची चाल आहे, आणि गुळाच्या या मुलुखांत तें कोणासही जड नाहीं. गुळाचें पाणी लवकर आंबतें, म्हणून भांडें मात्र वेळच्या वेळीं धुवावें. एकदोन पिलांची चोंच अलगद पाण्यास लावली म्हणजे बाकीचीं त्यांचें पाहून पिऊं लागतात.

एवढी सिद्धता झाल्यावर खरें काम सुरू होतें, आणि तें म्हणजे पाहणें. पिलें कोठें बसलीं आहेत, यावरून ऊब बरोबर आहे कीं नाहीं तें उष्णतामापकापेक्षां चांगलें कळतें. सारीं पिलें दिव्यांखालीं दाटी करून बसलीं असून करुण स्वरानें ओरडत असतील, तर त्यांना थंडी वाजत आहे. छत्री खालीं घ्यावी किंवा दिवा वाढवावा. सारीं दिव्यांपासून दूर, कड्याला लागून बसलीं असून पंख पाडून व चोंची उघडून धापा टाकीत असतील, तर उष्णता फार झाली आहे. छत्री वर न्यावी. एकाच बाजूस गोळा झालीं असतील, तर दुसऱ्या बाजूनें वारा येत आहे. तो झोत शोधून अडवावा. आणि कांहीं खात आहेत, कांहीं पीत आहेत, कांहीं पाय पसरून झोंपलीं आहेत, अशीं तीं सर्व कड्यांत सारखीं विखुरलेलीं असून बारीक समाधानी किलबिल चालली असेल, तर कशासही हात लावूं नये. या चार चित्रांची ज्यास ओळख पटली, त्यास ब्रूडर सांभाळण्याची निम्मी विद्या आली.

दुसरी एक खूण हातानें पाहतां येते. पिलूं उचलून त्याचे पाय आपल्या गालास लावावे. ते उबदार लागले तर ठीक. गार लागले तर जमीन थंड आहे असें समजावें. पिलें येऊन एक रात्र झाली म्हणजे त्यांच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटानें चांचपून पाहावी. ती भरलेली व मऊ असेल तर पिलूं खात-पीत आहे. रिकामी असेल तर ऊब, उजेड किंवा पाणी यांपैकीं कांहींतरी चुकलें आहे.

वर एक गोष्ट सूचित झाली, ती स्पष्ट केली पाहिजे. कड्याच्या आंत सर्वत्र सारखीच ऊब असणें हा गुण नव्हे. मध्यें उबदार जागा व कडेला थोडी गार जागा असावी, म्हणजे पिलास आपली जागा आपण निवडतां येते. कोंबडीच्या पंखांखालीं ऊब असते आणि परड्यांत गारवा असतो; पिलूं दिवसांतून शंभर वेळां आंतबाहेर करितें. वाराबंद खोली करून ती सारखी तापवीत ठेवणारा मनुष्य पिलाचा हा अधिकार काढून घेतो. शिवाय कोंडलेल्या खोलींत विष्ठेचा उग्र वास सांचून डोळ्यांस व फुप्फुसांस इजा होते. झोत जमिनीलगत अडवावा. पण वरच्या बाजूनें हवा खेळती ठेवावी.

आतां उजेडाविषयीं. ऊब आणि उजेड या दोन निरनिराळ्या गरजा आहेत. कोंबडीचें पिलूं अंधारांत दाणा व पाणी शोधीत नाहीं. तें डोळ्यांनीं पाहूनच टिपतें. म्हणून पहिले दोनतीन दिवस जवळजवळ रात्रंदिवस उजेड ठेवतात, आणि तो वर्तमानपत्र सहज वाचतां येईल इतका असावा. तथापि चोवीस तासांपैकीं एक तास अंधार करावा. विजेचा भरंवसा नसलेल्या खेड्यांत ही संवय फार उपयोगी पडते. कारण ज्या पिलांनीं कधीं अंधार पाहिलाच नाहीं, तीं वीज जातांच घाबरून एकमेकांवर चढतात. पुढें उजेडाचे तास हळूहळू कमी करीत जावे. सतत प्रखर उजेडांत पिलें एकमेकांस टोंचूं लागतात. तांबड्या उजेडांत ही खोड कमी दिसते.

पूर्वीं एकच दिवा या दोन्ही गरजा भागवीत असे, त्यामुळें त्यांतील भेद कोणाच्या ध्यानांत येत नसे. जुन्या पद्धतीच्या तारेच्या दिव्यांत जेवढी वीज खर्च होते, तिच्यांतील दहावा हिस्साही उजेडाच्या रूपानें बाहेर पडत नाहीं. बाकीची सारी उष्णता होते. घर उजळण्याच्या दृष्टीनें ही उधळपट्टीच. परंतु पिलांच्या दृष्टीनें तेंच त्याचें मोल. २०१५ सालीं सुरू झालेल्या उजाला योजनेमुळें एलईडी दिवे घरोघरीं पोंचले. जुना साठ वॅटचा दिवा जेवढा उजेड देई, तेवढा नऊ वॅटचा एलईडी देतो. वीज वांचली, हें उत्तमच झालें. पण जुना दिवा गेला म्हणून त्याच्या जागीं नवा लावून कोणी पिलें खालीं सोडलीं, तर खोली लख्ख दिसेल आणि पिलें गारठतील. दिसणारा उजेड म्हणजे ऊब नव्हे, हें अशा वेळीं विसरतां कामा नये. ज्यांस जुने दिवे मिळत नाहींत, त्यांनीं ऊब देण्यासाठींच केलेले अवरक्त किरणांचे दिवे घ्यावे. अडीचशें वॅटचा असा एक दिवा दीडशेंहून अधिक पिलांस पुरतो. उजेडासाठीं मग लहानसा एलईडी वेगळा ठेवतां येतो.

वादळी पावसांत वीज गेली तर काय करावें, हा आमच्याकडील नेहमींचा प्रश्न आहे. त्याची तयारी पिलें येण्यापूर्वींच करून ठेवली पाहिजे. कंदील हाताशीं असावा. कड्यावर गोणपाट टाकून वरची ऊब कोंडावी, पण हवेला एक बाजू मोकळी ठेवावी. गरम पाणी भरून घट्ट बूच लावलेल्या बाटल्या फडक्यांत गुंडाळून पिलांमध्यें ठेवाव्या. तापविलेल्या विटाही गुंडाळून ठेवतां येतात. कोळशाच्या शेगडीवर भोंकें पाडलेलें मडकें पालथें घालून ऊब देण्याची जुनी रीत अजूनही कोठें कोठें आहे. ती कामास येते. पण कोळसा आधीं बाहेर चांगला फुलवून मग आंत आणावा, आणि खोलीची खिडकी उघडी ठेवावी. बंद जागेंत जळणाऱ्या कोळशापासून कार्बन मोनॉक्साइड हा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. तो पिलांस मारतो आणि त्यांची राखण करीत तेथेंच निजलेल्या माणसासही मारतो. शेगडी पेटती ठेवून बंद खोलींत कोणीही निजूं नये.

ऊब देण्याइतकेंच ती वेळेवर कमी करणेंही महत्त्वाचें आहे. पहिल्या आठवड्यांत ९५ अंश, दुसऱ्यांत ९०, तिसऱ्यांत ८५, याप्रमाणें दर आठवड्यास पांच अंश उतरवीत जावें. त्यासाठीं छत्री दर आठवड्यास दोनतीन इंच वर उचलली तरी पुरतें. चौथ्या-पांचव्या आठवड्यापर्यंत पिलांच्या अंगावर पिसें भरतात. मग उन्हाळा असल्यास त्याच्याही आधीं, आणि पावसाळा किंवा हिंवाळा असल्यास थोडें उशिरां, दिवे पुरते बंद करावे. प्रथम दिवसां, मग रात्रीं. परड्यांतील कोंबडीही असेंच करिते. पिलें मोठीं झालीं म्हणजे ती त्यांना पंखांखालीं घेईनाशी होते. आपणांस तें निष्ठुर वाटतें. परंतु नको असतांना दिलेली ऊब पिलास दुबळें करिते, हें तिला न शिकतां ठाऊक असतें.

त्या बाईंनीं धीर सोडला नाहीं. उरलेल्या पिलांभोंवतीं त्यांनीं त्याच दिवशीं जुन्या पुठ्ठ्यांचें गोल कडें केलें, दाराच्या फटीस चिंध्या कोंबल्या, आणि त्या स्वतः त्याच खोलींत निजूं लागल्या. रात्रीं दोनदां उठून त्या पिलांकडे पाहत. त्यानंतर त्या घाण्यांतील फारच थोडीं पिलें दगावलीं. दुसऱ्या वर्षीं त्यांनीं पुन्हा शंभर पिलें आणलीं, तेव्हां मीं मुद्दाम जाऊन पाहिलें. उष्णतामापक भिंतीवर टांगलेला होता. बाईंनीं त्याकडे एकदां नजर टाकली, मग वांकून एक पिलूं उचललें आणि त्याचे पाय आपल्या गालास लावून पाहिले. अंडें पापणीस लावणाऱ्या त्या प्राचीन कारागिरांविषयीं त्यांनीं कधीं ऐकलें नव्हतें. पण विद्या तीच होती.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं कोंबड्या आहेत, आणि पुढील पावसाळ्यांत कोणाच्या तरी घरीं अशी पेटी येईल. तेव्हां दिवा लावण्याचें काम वडील मंडळी करतील; मध्यरात्रीं एकदां उठून पिलें कोठें बसलीं आहेत तें पाहण्याचें काम तुम्ही आपल्याकडे मागून घ्या. तें पांच मिनिटांचें काम आहे. पण शंभर जीव आणि एका घराचें कर्ज त्या पांच मिनिटांवर अवलंबून असतें.